कोरड्या माणसाचं गणित

लोणारे सर डोळे मिटतात तेव्हा मे महिन्यातली भर दुपार आहे आणि खिडकीत कूलर घरघरतो आहे. जेवण अंगावर आलेलं, जीभ जड. झोप अशी येते की माणूस खोलीतच राहतो आणि खोलीच त्याला सोडून निघून जाते. घरघर लांब जाते. लांबून येताना तिचा वर्गातला गलका झालेला असतो.

सरांना बरं वाटतं. चौतीस वर्षं त्यांनी हा गलका ऐकला. पोरावर कधी हात उगारला नाही. एकच गोष्ट कुणी सातदा विचारली, तर सातदा सांगितली.

पहिल्या बाकावर प्रणिता मेश्राम बसली आहे. अंगावर नववीचा गणवेश आहे, पण चेहरा बाईमाणसाचा. केसांतून पाणी निथळतंय.

ही गेल्या मे महिन्यात वारली. सासरी, अंगणात, चालू कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून. सरांनी पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून गादीखाली सारला. भेटायला गेले नाहीत. तेव्हापासून एक प्रश्न त्यांना आतून कुरतडतो आहे.

कारण दरवर्षी विजेचा धडा आला की सर कोरड्या लाकडी पाटावर उभे राहायचे आणि जिवंत तारेला बोट लावायचे. पोरी किंचाळायच्या. मग सर हसत फळ्यावर मांडायचे: दाब दोनशे तीस व्होल्ट, कोरड्या अंगाचा रोध एक लाख ओहम. भागाकार करा. धारा किती? अँपिअरचे हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन-अडीच. "म्हणजे मुंगी चावली!" पोरं टाळ्या वाजवायची. ओल्या अंगाचं गणित त्यांनी कधीच घातलं नाही. लेकरं विजेला भिऊ नयेत, एवढीच इच्छा.

"प्रणिता," सर विचारतात, "हात लावताना तुला ते गणित आठवलं होतं का?"

"आधी माहं गणित सोडवा. मग सांगते."

ती खडू पुढे करते. खडू ओला आहे. सर वळतात, तर फळा पत्र्याचा. खाचांखाचांचा, थंड. कूलरची पाठ आहे ती. पायाखाली शेणानं सारवलेलं अंगण, त्यात घोट्याएवढं पाणी.

"दाब दोनशे तीस," ती सांगते. "धारा शून्य पूर्णांक तेवीस शतांश अँपिअर. रोध काढा."

"धारा कुणी मोजली?"

"मी. आत होती ना मी. ल्याहा."

दाबाला धारेनं भागायचं, हजारदा शिकवलेलं. पण सर शाळेतल्या बुजऱ्या पोरासारखे आकडा लिहितात आणि खोडतात.

"घाई नाही, सर," प्रणिता म्हणते. अगदी त्यांच्याच सुरात, त्यांच्याच मायेनं. "चुकलं तर पुन्हा करू."

"एक हजार," सर पुटपुटतात.

"एक हजार काय? केळी?"

मागच्या बाकांवर हशा पिकतो. वळून पाहावं तर बाकांवर कुणी नाही.

"एक हजार ओहम."

"शाब्बास. लाखाचे हजार झाले. शंभरपट कमी. तुमच्या वर्गात मी कोरडी होती, सर. आता शक्ती."

"पोरी, पुरे कर."

"दाब गुणिले धारा. तुमीच त शिकवलं."

सर गुणतात. बावन्न पूर्णांक नऊ दशांश. या खेपेला एकक विसरत नाहीत. "वॅट."

"त्रेपन्न धरा." ती पत्र्यावरच्या आकड्याकडे कौतुकानं बघते. "आमच्या संडासातला बल्ब साठचा होता, सर. मी त्याच्याहून स्वस्तात गेली."

अंगण उरत नाही. सर दवाखान्यातल्या दगडी ओट्याशी उभे आहेत. ओट्यावर ती आडवी आहे, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली, आणि बोलते आहे. "दोन दिवसांपासून कूलर करंट मारत होता. सासू म्हणे, बाई, बटन बंद कर, मग पाणी टाक. मी हसली. म्हटलं, आमच्या सरांनी हिशोब करून दाखवलाय. मुंगी चावते फक्त."

विचारायचं होतं ते न विचारता मिळालं. सरांना वाटतं, आता खाली बसावं. खाली बसायला पाणीच आहे.

"माझी चूक झाली, प्रणिता."

"नाही, सर. चूक कशी? तुमचं उत्तर बरोबरच होतं." ती मान वळवते. "कोरड्या माणसासाठी."

"मला माफ..."

"ते धड्यात नाही." ती उठून बसते आणि सरांचं मनगट धरते. "एकच राहिलं. किती वेळ? ते तुमच्या सूत्रातून निघत नाही. अकरा सेकंद. हात सुटतच नाही हो. घट्ट आवळतो आपोआप. पहिले चार सेकंद मी मुंगीच समजत होती. मोजा माझ्यासंगं."

सर मोजतात. एक. दोन. तीन. तिची बोटं रुततात. पाचाला दातखीळ बसते, सातानंतर आकडे छातीत उमटतात. आठ. नऊ. आता सरांना तो अकरा हवा आहे, कर्ज फेडणाऱ्यानं शेवटचा हप्ता मागावा तसा. दहा.

प्रणिता हात सोडून देते.

"बस. अकरावा माहा होता. तो तुमाले नाही देत."

"अहो, उठा. पाच वाजले." कुमुदताई चहाचा कप घेऊन उभ्या आहेत. "केवढं कण्हत होतात! आणि हे मनगटाला काय झालं?"

सर हात उजेडात धरतात. मनगटाच्या एका बाजूला नखांच्या चार चंद्रकोरी, दुसऱ्या बाजूला अंगठ्याची एक. रक्त अजून ओलं आहे. ते आपल्या दुसऱ्या हाताची बोटं त्या खुणांवर ठेवून बघतात. पुन्हा बघतात. त्यांची बोटं जाड आहेत. खुणा कुणा बारीक बोटांच्या; त्यांच्या बोटांखाली सगळ्या झाकून जातात.