ढेकणाचे चुलतभाऊ आणि माझे साडू

कुणाच्याही घरी पाहुणे म्हणून गेल्यावर पाण्याच्या आधी टॉर्च मागणारे गृहस्थ अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच आहेत, आणि ते माझे थोरले साडू, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दादा आहेत. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं भिंग घेऊन लोखंडी भागांतल्या बारीक भेगा शोधल्या. निवृत्त झाले तरी भेगा काही सुटल्या नाहीत. आता भेगेत कोण राहतंय ते बघतात, एवढाच फरक.

निमित्त झालं एका मित्राच्या गोदामाचं. तिथे उंदरांच्या बिळाशी दादांना एक इंचभर लांब, चपटा, कडेला नारिंगी पट्टे असलेला किडा सापडला. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, हा रक्तपिपासू आहे, ढेकणाचा लांबचा चुलतभाऊ. याचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद चागास नावाचा आजार पसरवतात. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग कधीतरी हृदयाला धरतो. झालं! त्या दिवसापासून दादांना दुसरा विषय नाही. किडा लोणच्याच्या बरणीत राहायला आला आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, त्या वर्षी लोणचं घातलं नाही. शेजारच्या कोंबडीला मांडीवर घेऊन दादा किड्याला तिच्या रक्तावर जेवू घालत आणि पोट भरल्यावर तो शी किती वेळाने करतो ते स्टॉपवॉच लावून मोजत. "सगळी भानगड त्या शीतच आहे, राव," ते मला सांगत. "चावताना कळतसुद्धा नाही. आधी भूल देतो, मग पितो. आपल्या दाताच्या डॉक्टरपेक्षा हात हलका!" अंड्यातून निघाल्यापासून पंख फुटेपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याला आधी रक्त लागतं, हे त्यांनी माझ्या भाचीच्या डोहाळजेवणात सांगितलं. हिंजवडीजवळ माण गावात भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तर होम चालू असताना हे बेडरूममध्ये पलंग भिंतीपासून हातभर ओढत होते. "दादा, चौदावा मजला आहे," भाचा म्हणाला. "त्याला पंख असतात," दादा पलंगाखालून म्हणाले.

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, आमच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर ब्राझीलहून परत येईपर्यंत.

कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. एका सहकाऱ्याच्या खेड्यातल्या घरी तो चार दिवस राहिला आणि तिथल्या शहरात परतल्यावर त्याची एक पापणी टम्म सुजली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चागास निघाला, गोळ्या सुरू झाल्या. बिचाऱ्याने इथे आल्यावर भाबडेपणाने सेक्रेटरींना हे सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर किड्यांचे असे फोटो फिरू लागले की बघूनच अंगाला खाज सुटावी. त्याच्याकडची कामवाली यायची थांबली. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला घसरगुंडीवरून उतरवून घरी पाठवलं. आणि खरं सांगतो, तो लिफ्टपाशी उभा दिसला तेव्हा मी बूट बांधायचं नाटक केलं आणि जिन्याने गेलो. चौथ्या मजल्यावर धाप लागली तशी लाजही वाटली. घरी जाऊन दादांना फोन केला.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मीटिंग होती. विषय एकच, त्यांना फ्लॅट सोडायला सांगायचं का. इंजिनिअर आणि त्याची बायको शेवटच्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. दादा आले, सरळ त्याच्या शेजारी बसले, त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तोंड लावून अर्धी संपवली.

"अहो, काय करताय!" सेक्रेटरी ओरडले.

"तहान लागली होती," दादा म्हणाले आणि उभे राहिले. "हा आजार पाण्यातून जात नाही, शिंकेतून जात नाही, लिफ्टमधून तर नाहीच. किडा माणसाला चावतो आणि तिथेच शी करतो. माणूस खाजवतो, शी जखमेत जाते, त्यातून जंतू आत शिरतात. आता मला सांगा, या पोराकडून तुम्हाला होणार कसा? तो काय रात्री येऊन तुमच्या तोंडावर बसणार आहे?"

हशा पिकला. आमचे चेअरमन मूळ गावातले, जुन्या शेतकरी घरातले. त्यांना मात्र हसू आलं नाही. "पर तो किडा त्याच्या सामानातून आला असंल तर? आमच्या घरात बी लहान पोरं हायेत."

"रास्त प्रश्न आहे," दादा म्हणाले. "चला, बघू."

मग चेअरमन, सेक्रेटरी आणि मी अशा तिघांना घेऊन दादांनी त्या घरातल्या साऱ्या बॅगा उपसल्या, गाद्या उलटल्या, कपाटं सरकवली. दोन तास. सापडली एक पाल आणि मुलीची हरवलेली चप्पल. शेवटी चेअरमन घाम पुसत सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, च्या टाका आता." तिने ओढणीने डोळे पुसले आणि सहा कप चहा केला. लिफ्टचं मी इंजिनिअरला तिथेच सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला कळलं होतं, काका. तुमच्या बुटांना नाड्याच नव्हत्या."

त्याच्या गोळ्या संपल्या. पण रक्त आणि हृदय पुढची काही वर्षं तपासत राहायचं आहे. दर वेळी दादा त्याच्याबरोबर दवाखान्यात जातात, बाहेर बाकावर बसतात. गेल्या खेपेला मीही गेलो होतो. तो आत होता, त्याची मुलगी दादांच्या मांडीवर झोपली होती. मी विचारलं, "दादा, हा पूर्ण बरा होईल ना?"

त्यांनी तपासणीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "किड्याचं पुढे काय होणार ते मी दिवस मोजून सांगतो, राव," ते हळूच म्हणाले. "या पोराचं नाही सांगता येत. म्हणून येऊन बसतो."

आणि पोरीची मान अवघडू नये म्हणून त्यांनी तिच्या डोक्याखालचा हात जरा वर घेतला.