टँडमची मागची सीट

आमच्या घरात पुढे कोण बसणार हा प्रश्न कधी निघालाच नाही. गाडीचं स्टिअरिंग ह्यांच्याकडे, आणि टँडमची, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या त्या लांबलचक सायकलची, पुढची सीटही ह्यांचीच. हे हाडांचे सर्जन. हातात काहीतरी धरून हुकूम सोडल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. मी भूलतज्ज्ञ. पेशंटच्या उशाशी बसून, पडद्याआडून, सगळं सुरळीत चाललंय ना एवढं बघायचं हे माझं जन्मभराचं काम. त्यामुळे मागची सीट मला जड गेली नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीतली आमची मराठी मंडळी रिटायर झाल्यावर क्रूझवर जातात किंवा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हिवाळा काढतात. आम्ही उन्हाळ्यात सायकलला पिशव्या बांधून फ्रान्सला जायचो, तेही जिथे डोंगर पुष्कळ आणि माणसं कमी अशाच भागात. एकदा गणपतीच्या आरतीनंतर एका काकांनी प्रसाद खाता खाता विचारलं, “एवढे शिकलात, आणि शेवटी सायकलच?” ह्यांनी हसून दुसरा मोदक घेतला.

टँडम चालवायची एक रीत आहे. ब्रेक, गिअर, वळवायचं हँडल, सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याचं हँडल नुसतं धरायला असतं, ते वळत नाही. मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्याने मोठ्याने सांगत राहायचं: खड्डा, चढ, वळण, थांबतोय. निघताना पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून सायकल धरायची, मग मागच्याने चढून बसायचं आणि पाय पॅडलवर ठेवायचे. त्या वेळी मागच्याचं सगळं वजन पुढच्याच्या हातांवर असतं. इतकी वर्षं मी असं वजन टाकत आले आणि एकदाही माझ्या मनात शंका आली नाही.

मग ह्यांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. पेशंटने असं काही सांगितलं असतं तर ह्यांनी त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला, तो बरोबर नाही म्हणून आणखी एक केला, आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्याला दोष दिला. मीही डॉक्टर, मीही गप्प. दोन डॉक्टर एका घरात असले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेलच. शेवटी आय क्लिनिकमध्ये कळलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. एका डोळ्यात इंजेक्शनं घेऊन जे आहे ते काही काळ टिकवता येईल, दुसऱ्याला उपाय नाही. समोर बघितलं की बरोबर मध्ये धुरकट डाग. माझ्याकडे बघायचे तर माझा चेहराच गायब.

गाडीची किल्ली ह्यांनी कुणी सांगायच्या आधी माझ्या हातात आणून दिली. लायसन्स परत पाठवलं. त्या दिवशी मला ह्यांचा फार अभिमान वाटला होता. टँडमचं काय करायचं हे मात्र दोघांपैकी कुणीच काढलं नाही. ती गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती.

विषय मी काढला. मी पुढे बसेन, तुम्ही मागे बसा, एवढंच म्हणाले. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि एका रविवारी आम्ही बंद दुकानाच्या रिकाम्या कार पार्कमध्ये गेलो. मी पाय रोवून उभी राहिले. हे मागे चढले, वजन एका बाजूला गेलं आणि आम्ही दोघं सायकलसकट आडवे झालो. लागलं फारसं कुणालाच नाही. ह्यांचं कोपर खरचटलं. हे उठले, कपडे झटकले आणि शांतपणे म्हणाले, “विकून टाक.”

ओरडले असते तर मला चाललं असतं. राग ह्यांच्या नाकावरच असतो, त्याची मला सवय आहे. हा आवाज वेगळा होता. त्यानंतर हे फिरायला जाईनासे झाले. मंडळाच्या कार्यक्रमाला चला म्हटलं तर लोकांचे चेहरे ओळखू येत नाहीत, सगळ्यांना सारखा नमस्कार करत बसायचं का, म्हणायचे. दिवसभर खुर्चीत बसून रेडिओ. मला सायकलची पर्वा नव्हती. ह्या माणसाने सायकल सोडली तर त्यामागोमाग हा सगळंच सोडणार, हे मला दिसत होतं, आणि त्याची भीती वाटत होती.

मुलगी लंडनमध्ये एजवेअरला असते, तिचा रोज फोन. सायकल विकणार नाही म्हटल्यावर तिचं मत स्पष्ट होतं. “आई, तू असा हट्ट का करते? इट्स नॉट सेफ. बाबा पडला तर?” मी तिला म्हणाले, बाबा पडलाच आहे, आता उठवायचाय. तिला ते कितपत कळलं कोण जाणे.

मग मी कुणालाही न विचारता सायकल दुकानात नेली. पुढची फ्रेम ह्यांच्या उंचीची, माझ्यासाठी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुकानदाराने पुढची सीट पार खाली आणली, हँडल जवळ ओढलं, मागची सीट वर केली. घरी आणून मी ती परत चादरीखाली ठेवली. आमच्या घरात रुसवा आणि समेट दोन्ही असेच, न बोलता होतात. काही दिवसांनी हे गॅरेजमधून आत आले, सिंकवर हात धुतले आणि म्हणाले, “मागची सीट दोन बोटं खाली झालीय.”

मी पाना घेऊन गेले आणि ती दोन बोटं वर केली.

जूनमध्ये आम्ही वेल्समध्ये गेलो. फ्रान्सचं धाडस माझ्यात नव्हतं. इथे काही झालं तर मुलगी गाडी घेऊन तीन-चार तासांत पोचली असती. सीमेपलीकडचे ते डोंगर तसे बुटके, पण रस्ते सरळ अंगावर येतात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झुडपं, मधून एक गाडी जाईल एवढी वाट, आणि तासन्‌तास मेंढ्यांखेरीज कुणी नाही. वळणाआधी डांबरावर ‘आराफ’ असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं, वेल्श भाषेत हळू. मला ते सांगायची गरजच नव्हती, मी बैलगाडीच्या वेगानेच चालले होते.

पहिला दिवस फार वाईट गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. हे मागून गिअर सांगायचे, ब्रेक कधी लावायचा ते सांगायचे, आणि प्रत्येक उतारावर नसलेला ब्रेक दाबायला मूठ आवळायचे. मला ते सायकलच्या अंगातून कळायचं. रस्त्यात आडव्या लोखंडी बारांची जाळी येते, मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून टाकलेली. तीवरून सायकल अगदी सरळ न्यावी लागते. मी “जाळी” म्हणून ओरडले आणि हे दचकून एका बाजूला कलले. पडलो नाही एवढंच. पलीकडे थांबून आम्ही कडाकडा भांडलो. मी म्हणाले, इतकी वर्षं मी मागे बसून कधी मूठ आवळली का? हे म्हणाले, “तुला भीती वाटत नव्हती.”

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी बाईंनी मेन्यूचं कार्ड ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते नीट उघडून धरलं, थोडा वेळ बघितलं आणि भूक नाही म्हणाले. दिवसभर डोंगर चढून भूक नाही. मी दोघांसाठी एकच पदार्थ मागवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना काही कमी पडू द्यायचं नाही. मागे बसल्यावर मला जे दिसायचं ते सगळं ह्यांना द्यायचं. त्यामुळे खड्डे सांगून झाले की मी देखावा सांगायला लागले. डावीकडे ओढा आहे. उजवीकडे पिवळी फुलं. वर घार आहे. एक पडकं चर्च. ऑपरेशन चालू असताना मी सर्जनला ब्लडप्रेशर सांगायची, त्या चालीवर. खरं म्हणजे मला नीट काहीच दिसत नव्हतं. पुढे बसणाऱ्याला रस्ताच बघावा लागतो, मान वळवली की चाक वळतं. त्या रस्त्याच्या पट्टीतून जे निसटतं हाती लागायचं त्यावर मी कॉमेंट्री करत होते. हे फक्त “हं” म्हणायचे.

दुपारी मोठा चढ लागला. अर्धा चालवला, उरलेला ढकलत चालत चढलो. माथ्यावर वारा होता. आडोशाला बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं खाल्लं. निघताना मी पाय रोवून सायकल धरली, हे चढून बसले, आणि समोर पसरलेली दरी बघून मी सुरुवात केली, की इथून खाली तीन टेकड्या दिसतात, त्यांतली मधली...

“जरा गप्प बसतेस का,” हे म्हणाले. “खड्डा आला तर सांग. बाकी काही नको.”

मला फार लागलं ते. मी ह्यांच्यासाठी घसा कोरडा करत होते. मी पाय उचलले. उतार लांब होता, वळणावळणाचा. दोनदा “खड्डा” म्हणाले, एकदा “जाळी”. बाकी वाऱ्याचा आणि चेनचा आवाज. डोळे पाण्याने भरत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मनात म्हणत होते, झालं, ही शेवटची ट्रिप. हा माणूस माझ्यावर रागावूनच उरलेलं आयुष्य काढणार. जाळी मागे पडल्यावर लक्षात आलं की ह्या खेपेला हे कलले नव्हते. मूठही आवळली जात नव्हती. सायकल इतकी हलकी चालली होती, की मागे कुणी आहे का अशी शंका यावी.

खाली एका फाटकापाशी मी थांबले आणि पाय रोवले. हे उतरले नाहीत.

“डावीकडे घोडे होते,” हे म्हणाले. “दोन. का तीन, नक्की नाही. बघितलेस?”

मी म्हणाले, नाही.

“तुला कसे दिसणार. तू रस्ता बघत होतीस. मी तरी इतकी वर्षं काय बघितलं? फ्रान्समध्येसुद्धा रस्ताच.” मग हे माझ्याशी कधीच ज्या आवाजात बोलत नाहीत त्या आवाजात म्हणाले, “अगं, माझं मधलं गेलंय. कडा आहेत अजून. इथे बसलं की मध्ये तुझी पाठ येते, ती मला डोळे मिटूनही दिसते. आणि दोन्ही बाजूंना सगळं आहे. तू सांगत राहिलीस की मी तू सांगतेस ते शोधत बसतो, आणि आहे तेही दिसत नाही.”

मला मागे वळून ह्यांच्याकडे बघायचं होतं, पण वळले असते तर सायकल गेली असती. घोडे खरंच होते का, हे मी विचारलं नाही आणि आजही मला माहीत नाही. ह्यांनी दोन्ही पाय पॅडलवर नीट ठेवले, हात हँडलवर सैल सोडले आणि म्हणाले, चल. ह्यांचं सगळं वजन माझ्या हातांवर होतं. मी ते धरून ठेवलं.