एकाच लुगड्यातल्या दोघी

त्या वर्षी आम्हाला इंग्रजी सुरू झालं आणि मला नुसतं वेड लागलं. नवा शब्द कळला की तो कुणावर तरी झाडल्याशिवाय मला चैन पडत नसे. एका दुपारी बाईंनी सारखेपणाचे शब्द शिकवले. दोन वस्तू सारख्या असल्या की 'अलाइक', तोंडावळा जुळला की 'रिझेम्बल', आणि मूल आईबापांवर गेलं की 'टेक आफ्टर'. आपण कोणावर गेलो ते उद्या प्रत्येकीने सांगायचं, असं बाई म्हणाल्या आणि माझं तोंड उतरलं. माझी आई मी तान्ही असतानाच गेली होती. घरात नवी आई येऊन वर्ष झालं होतं, पण तिला मी अजून हाकच मारत नसे. काही हवं असलं की नुसती समोर जाऊन उभी राहायची.

त्याच संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तेव्हा बायका नऊवारी सोडून गोल नेसायला लागल्या होत्या. नव्या आईनेही आपलं विटकरी लुगडं कापून पाचवारी केली आणि उरलेल्या कापडात मला परकर-पोलका शिवला. तो घालून, तिळगुळाचं ताट धरून मी तिच्या मागे मिरवत होते.

कोपरीहून नुकतंच बिऱ्हाड आणलेल्या एका बाईंना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. एकच कापड ल्यालेल्या आम्हा दोघींकडे बघून त्या कौतुकाने म्हणाल्या, "लेक अगदी तुमच्यावर गेलीय हो."

बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आता ही सांगणार, माझी नव्हे, पहिलीची.

नव्या आईने त्यांना शांतपणे कुंकू लावलं. "नाकडोळे माझे," ती म्हणाली, "हट्ट तेवढा ह्यांचा."

मला इतका आनंद झाला की ताट तिथेच ठेवून मी गॅलरीच्या टोकापर्यंत धावत सुटले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या आधी उठून मी जवळजवळ ओरडलेच, "आय टेक आफ्टर माय मदर." चाळीतलीच एक मुलगी फिसकन हसली आणि हिची आई सावत्र आहे, असं तिने बाईंना सांगून टाकलं. मी तिच्या झिंज्याच धरणार होते.

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बस खाली."

शाळा सुटल्यावर मी पळतच घरी आले आणि दारातूनच हाक मारली, "आई, भूक लागलीय."