छोट्या लाईनीचा डबा आणि नामदेवरावांचा हातोडा

हातात पॉलिश पेपर आणि समोर सागवानी फळी असली की माणूस बोलतोच. हात गुंतलेले, तोंड मोकळं. वर्ध्याच्या एका जुन्या माल-शेडमध्ये आम्ही पाच-सहा रिटायर्ड मंडळी दर रविवारी छोट्या लाईनीचा, म्हणजे नॅरोगेजचा, एक प्रवासी डबा दुरुस्त करतो. पगार नाही, हजेरी नाही. तीन वर्षांत डबा पाऊण झालाय, किस्से मात्र गाडीभर जमलेत.

*

रंग खरवडताना प्रमिला मॅडमनी दाराजवळ तळहाताएवढी जागा राखली. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. म्हणाल्या, "इथे प्रत्येक थराची एक पट्टी दिसली पाहिजे."

नामदेवरावांची सगळी नोकरी यार्डात गाड्यांची चाकं तपासण्यात गेली. ते त्या पट्ट्यांवर बोट ठेवत गेले. "हा हिरवा, माह्या लग्नातला. हा पिवळा, पोरगी झाली तवाचा."

"आणि हा राखाडी?" मॅडमनी विचारलं.

"पोरगी गेली त्या सालचा."

त्या पट्टीवर वॉर्निश लावायचं काम मॅडम आजही कुणाला देत नाहीत.

*

आता माझा पराक्रम. खिडक्यांच्या सोळा लाकडी झडपा आम्ही उतरवल्या. जुनी झडप फक्त आपल्याच चौकटीत बसते, म्हणून प्रत्येकीवर खडूनं नंबर घातले. दुसऱ्या रविवारी मी लवकर आलो आणि अगदी मन लावून सगळ्या झडपा तेलाच्या फडक्यानं पुसून काढल्या. नंबरांसकट!

चार रविवार आम्ही झडपा घेऊन खिडकी खिडकी हिंडत होतो. नामदेवराव शांतपणे म्हणाले, "बाबू, आफिसात फायलीचे नंबर बी असेच पुसत होते का?"

मी सिंदी मेघेहून येतो, कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. तेव्हापासून सगळे मला बाबूच म्हणतात. नंबर आता पटाशीनं कोरतात, आणि पटाशी माझ्या हाती देत नाहीत.

*

आमच्या शेडचा एकच कायदा. नामदेवरावांनी चाकं पास केल्याशिवाय डबा वीतभरही हलवायचा नाही. ते लांब दांड्याच्या हातोड्यानं चाक ठोकतात. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, आवाज रेंगाळतो. तडकलेलं नुसतं थप्प करतं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मी त्यांना मागून तीनदा चहाला बोलावलं. ते वळलेच नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "बाबू, चाक बोलते, पन मले आयकू येत नाई. कानात मशीन लावली तं नुसती खरखर. कोनाले सांगू नका. हा एक डबा माह्या हातानं पास होऊ द्या."

मी कबूल केलं.

*

नामदेवरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, डब्यात पाऊल ठेवायला साफ नकार दिला होता. दर रविवारी नवऱ्याचं जेवण घेऊन येत आणि बाहेर खुर्चीवर बसत. "रेल्वेतल्या मानसाची बायको, बिनतिकीट कशी चढू?"

मॅडमनी पुठ्ठ्याचं तिकीट रंगवून दिलं. पुलगाव ते आर्वी, आमच्या डब्याच्याच लाईनीचं. वच्छलाबाईंनी ते उलटून पाहिलं.

"आन परतीचं?"

*

डबा ढकलून पाहायचा दिवस ठरला. रेल्वेचे एक साहेब चाचणीचा कागद घेऊन आले. बघायला पन्नासेक माणसं. नामदेवरावांनी हातोडा उचलला. वच्छलाबाई खुर्चीवरून उठून चाकाच्या दुसऱ्या अंगाला, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

ते चाक ठोकत आणि तिच्याकडे बघत. ती मान हलवी. दोघं पुढच्या चाकाशी जात. एक, दोन, तीन, चार, पाच. मला सगळं कळत होतं.

सहाव्या चाकाला तिची मान हलली नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. तिनं हात आडवा हलवला. त्यांनी खडूनं चाकावर फुली मारली.

साहेब म्हणाले, "काका, वरून तर चांगलं दिसतंय."

नामदेवरावांनी चाकाला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडूची भुकटी चोळली आणि थांबले. पांढऱ्या भुकटीतून तड्याची केसाएवढी काळी रेघ हळूहळू वर आली. डबा त्या दिवशी हलला नाही.

साहेबांनी त्यांचा हात धरला. "काय कान आहेत काका तुमचे!"

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब काय म्हणाले ते मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "माहे कान तं कवाचेच गेले, साहेब. हे इनं आयकलं."

साहेब वच्छलाबाईंकडे वळले. "तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"क्वार्टर यार्डाले लागूनच होतं ना. थप्प वाजलं का त्या दिवशी हे उशिरा येत. मंग मी कनिक बी उशिराच भिजवत होती."

नामदेवरावांनी साहेबांच्या हातातला कागद घेतला, तिच्यापुढे धरला, आणि तपासणाऱ्याच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं.