मोजून वाजवलेला थांबा

परीक्षक सरांनी माईक हातात घेतला तेव्हा माझ्या बोटांची अजून आग होत होती. अमरावतीतल्या एका कॉलेजचं सभागृह. रॉक गिटारची स्पर्धा. मी नुकतीच वाजवून थांबले होते आणि टाळ्याही बऱ्या पडल्या होत्या.

"फील आहे हं," सर म्हणाले. "जबरदस्त फील. कुठली तू?"

"अकोल्याची."

"घरी कोणी वाजवतं?"

"बाबा. बॅन्जो वाजवतात."

"म्हणजे लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत, तसं?"

मी मान हलवली. सर सभागृहाकडे वळले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? या लोकांच्या रक्तातच असतं ते. शिकवावं लागत नाही. पण बेटा, रॉक म्हणजे मिरवणूक नाही. टेक्निक लागतं. हाताला संस्कार लागतात."

सभागृह हसलं. मीही हसले. एवढंच नाही, मी वाकून "थँक्यू सर" म्हणाले. शेवटच्या रांगेत एक माणूस जोरजोरात टाळ्या वाजवत होता. एकटाच. माझ्या गिटारची रिकामी बॅग मांडीवर घेऊन बसलेला. ते माझे बाबा होते.

त्यांना ते कौतुक वाटलं. मुलीच्या रक्तात आहे म्हणतात, म्हणजे आपल्याकडूनच आलं असणार. लोक मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागले. मला सरांचा राग यायला पाहिजे होता. मला आला बाबांचा.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाबांनी शेवटी विचारलंच.

"सर चांगलंच बोल्ले ना वं?"

"हो."

"मंग तोंड काहून पाडून बसली?"

सर काय बोलले ते मला कळलं होतं. पण बाबांना ते समजावून सांगायचं म्हणजे त्यांच्या टाळ्या परत घ्यायच्या. माझ्याने ते झालं नाही. आजही झालेलं नाही.

आमच्याकडे बॅन्जो म्हणजे टाइपरायटरसारख्या चाव्या असलेलं, तारांचं, विजेवर चालणारं वाद्य. बाबा लग्नसराईत आणि जयंतीत ते वाजवतात, एरवी दालमिलमध्ये कामाला जातात. मला गिटार त्यांनीच घेऊन दिली, कोणाची तरी जुनी. बॅन्जोवरची गाणी मी गिटारवर बसवली, बाबांच्या बॅन्जो पार्टीबरोबर मिरवणुकीत वाजवली, मग मोबाईलवर रॉक ऐकलं आणि वेडी झाले. तो आवाज फाटलेला होता, चिडलेला होता. मला तो ओळखीचा वाटला. मी बाबांना ऐकवलं तर ते म्हणाले, "हे तर आपलंच हाये. जरा इंग्रजीत हाये, येवढंच."

पण त्या स्पर्धेनंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हाताला संस्कार. ज्याने चारचौघांत कानाखाली काढली, त्याच्याच दारात मी शिकायला गेले. दर शनिवारी अकोल्याहून अमरावती. सरांचा क्लास कॅम्प भागात, वातानुकूलित खोली, भिंतीवर टांगलेल्या चकचकीत गिटारी. सरांनी मला घेतलं, आणि घेताना एक अट घातली. "मिरवणुकीत वाजवणं बंद. हात बिघडतो." मी लगेच कबूल झाले. घरी कोणाला सांगितलं नाही.

क्लासमध्ये सगळी मुलं बऱ्या घरची. कोणाचे वडील डॉक्टर, कोणाची आई प्राध्यापक. तास संपला की ती समोरच्या टपरीवर चहा घ्यायची आणि दर शनिवारी तोच वाद रंगायचा. स्पीड मोठा की फील? एक म्हणायचा, हात चालत नसेल तर भावना काय चाटायच्या आहेत? दुसरा म्हणायचा, मशीनही फास्ट वाजवतं, मग मशीनचं गाणं ऐक. तावातावाने भांडायची. मला कोणी विचारायचं नाही. एकदा मी तोंड उघडलं, तर एक जण म्हणाला, "तू काय, तू तर फीलवाली." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं त्यांच्या मनात. मी पुन्हा त्या वादात पडले नाही.

सर सगळ्यांना स्टाफ नोटेशन शिकवायचे, म्हणजे सूर कागदावर लिहायची आणि वाचायची पद्धत. कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सूर, कशापासून बनतो, एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत कसं जायचं, हे फळ्यावर. माझी पाळी आली की म्हणायचे, "तुला कशाला हे? तू ऐकून वाजव. तुझं ते नॅचरल आहे, बिघडवू नकोस." टेक्निक नाही म्हणून मी तिथे गेले, आणि टेक्निक शिकवायची वेळ आली की मी नॅचरल. मी शेजारच्या मुलाच्या कागदावर डोळा ठेवून, घरी मोबाईलवर बघून, जमेल तसं शिकत होते. मागितलं मात्र नाही. मागितलं तर उरलंसुरलंही जाईल, ही भीती. आमच्यात म्हणतात, रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. मी रडले नाही, वर हसत राहिले.

तिथे मी 'मले-तुले' बोलायचं सोडलं. 'मला-तुला' आलं. ते घरीही आलं. आई म्हणायची, "पुन्याची पावनी आली." मी मेट्रोनोम लावून बसायचे. ठोके मोजणारं यंत्र, आता फोनमध्येच असतं. टक, टक, टक. तासन्‌तास. हात खरंच साफ झाला, हे खोटं कशाला सांगू? ज्या जागा मला कधीच जमल्या नसत्या त्या जमायला लागल्या, आणि त्याचा आनंद होता. पण त्या आनंदात मी एक दिवस बाबांना म्हणाले, "बाबा, तुमची लय हलते."

बाबा हसले. "हालनारच ना. खाली मानसं चालून राह्यले असते."

मला ते अडाणीपणाचं उत्तर वाटलं. सरांचा शब्द माझ्या तोंडून बाबांपर्यंत पोचला होता, आणि पोचवणारी मी होते.

आता जयंतीचं सांगते. हे सांगताना मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

आमच्या वस्तीत मिरवणुकीची एक रीत आहे. वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं असेल, त्या घरासमोर गाडी थांबते. ढोल-ताशे गप्प होतात. गेलेल्या माणसाच्या आवडीचं गाणं बॅन्जोवर वाजतं, एकट्याने, हळू. घरातली बाई बाहेर येते आणि गाडीवरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते. ती लावून बाजूला होईपर्यंत गाणं संपवायचं नाही. तिला लागेल तेवढा वेळ. वाजवणाऱ्याने फक्त तिच्याकडे बघायचं. याला आम्ही थांबा म्हणतो.

या एप्रिलमध्ये थांबा होता शेवंतामावशीच्या घरासमोर. तिचा नितेश आमच्याच पार्टीत ताशा वाजवायचा. माझ्याबरोबर शाळेत होता. मोटारसायकलच्या अपघातात गेला. सरांना मी सांगून ठेवलं होतं की मी आता मिरवणुकीत नसते. पण बाबा म्हणाले, "नितेशचा थांबा तू वाजव. तुह्या जोडीचा होता तो." थांबा वाजवायला मिळणं हा आमच्यात मान आहे. मी गिटार घेऊन गाडीवर चढले.

आणि एका कानात इअरबड घातला. त्यात ठोका. बाबांची लय हलते, माझी हलायला नको. क्लासमधल्या एका मुलीला व्हिडिओ पाठवायचा होता, हेही खरं. गाणं दोन वेळा पूर्ण वाजवायचं, मग वेगाची एक जागा घ्यायची आणि संपवायचं, असं मी घरून ठरवून आले होते. शेवंतामावशीला किती वेळ लागेल, हे मी घरून ठरवून आले होते.

गाडी थांबली. ढोल थांबले. मी सुरू केलं. मावशी बाहेर आली. वारा सुटला होता, आपल्याकडचा एप्रिलचा, फुफाट्यासारखा. काडी पेटे आणि विझे. दोन बायांनी पदराचा आडोसा धरला. मावशीचे ओठ हलत होते, ती गाणं म्हणत होती बहुतेक. मला ऐकू आलं नाही. कानात टक, टक, टक. दोनदा पूर्ण झालं. मी ती वेगाची जागा घेतली. एक सूर चुकला नाही. शेवट असा दणक्यात केला की पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि ढोलवाल्यांना वाटलं झालं. ढोल सुरू झाले. ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. बाबा "थांब, थांब!" म्हणून ओरडले, पण त्या आवाजात कोण ऐकणार?

मी मागे वळून बघितलं. मावशी रस्त्यात उभी होती. हातात मेणबत्ती तशीच. पेटलेली नव्हती.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ते गाडीवरून उतरले आणि मिरवणूक संपेपर्यंत खाली लोकांबरोबर चालत राहिले. मी वर एकटी. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडे गेले. तिने चहा टाकला. मी म्हणाले, "मावशी, चुकलं माझं."

ती कपात चहा ओतत म्हणाली, "वाजवलं तं तू चांगलंच. टीव्हीवाल्यावानी."

मी कप हातात घेतला.

"पन मी तुह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तू काई माह्याकडे पायलं नाही."

"मग मेणबत्ती?"

"घरीच लावली. कोनाड्यात."

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिने तसं म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. चहा मात्र मी प्यायले. इतकी निर्लज्ज होऊन मी त्या घरात बसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी सरांच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला, अमरावतीतच. प्रत्येकाने वाजवायचं आणि सरांनी माईकवरून दोन शब्द बोलायचे. मी एक अवघड सोलो वाजवला. साफ वाजवला. सर पुढे आले.

"टेक्निक आलं, मान्य. पण बेटा, फील गेला. ती वस्तीची आग होती ना तुझ्यात, ती विझली बघ. अरे, तीच तर तुम्हा लोकांची ताकद. तुम्ही लोकांनी ती सोडायची नसते."

सभागृह हसलं. तसंच, कौतुकाने. पण या वेळी मी हसले नाही. मला एकदम दिसलं. पहिल्यांदा माझ्याकडे फील होता तेव्हा टेक्निक मोठं होतं. आता टेक्निक आलं तर फील मोठा झाला. टपरीवरचा तो वाद त्या मुलांना परवडत होता, कारण त्यांना दोन्ही मिळणार होतं. मला मिळायचं ते कायम अर्धं, आणि ते कोणतं अर्धं, हे सर ठरवणार. वर मी विझले आहे, हेही त्यांनीच सांगायचं? मी कुठे आणि कोणासमोर विझले ते मला माहीत होतं. ते सांगायचा हक्क शेवंतामावशीचा होता, या माणसाचा नव्हता.

मी माईक मागितला नाही. आमचे आवाज मुळातच मोठे असतात.

"सर, फील रक्तात नसते. माह्या बापानं मले शिकवला तो. समोर बसवून, चुकलं का हातावर मारून. आन् टेक्निक तुमी मले शिकवलंच नाही. सगळ्याइले लिहून दिलं. मले काहून नाही देल्लं?"

त्या शहरात, त्या लोकांसमोर मी पहिल्यांदा माझ्या बोलीत बोलले. सरांचा चेहरा उतरला.

"बेटा, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माह्या भल्याचं मी पाहीन."

मी गिटारची वायर काढली आणि खाली उतरले. टपरीवर वाद घालणाऱ्यांपैकी कोणी माझ्याकडे बघितलं नाही. एका मुलीने फक्त बॅग उचलून हातात दिली. बाबा तिथे नव्हते. त्यांना मी बोलावलंच नव्हतं.

लोक म्हणतात, बरं केलंस, जिरवली. माझं मन काही त्यात रमत नाही. सरांना बोलले म्हणून मावशीचं फिटत नाही. कानात ठोका सरांनी घातला नव्हता. तो मी घातला. ते लोक आपल्याला तोलतात, आणि मग आपण त्याच तराजूत आपल्याच माणसांना तोलायला लागतो, ही माझी शरम आहे. ती मी वाहीन.

नोटेशन मी आता स्वतः शिकते आहे, फळ्याविना, सरांविना. पक्कं शिकणार आहे. वेगही सोडणार नाही. माझ्या घामाचा आहे तो. आणि तार कशी ओढायची, माणूस रडत असताना सूर किती वेळ धरायचा, हे बाबांसमोर पुन्हा पहिल्यापासून बसून शिकणार आहे. त्यांनी हातावर मारलं तरी. दोन्ही माझं आहे. यापुढे कोणत्याही स्टेजवर, कोणत्याही सराने, माझ्याकडे काय आहे आणि काय नाही ते मला सांगायचं नाही. चुकले तर माझ्या वस्तीतली बाई सांगेल, तोंडावर. तिचं मी उभं राहून ऐकून घेईन.