रुख्माबाईची साक्ष

माझ्या सासूबाईंवर, रुख्माबाईंवर, पवित्र आत्मा उतरला असं मिशनातले लोक अजून सांगतात. आग लागो त्या सांगण्याले! मी त्या सभेच्या मंडपात त्यांच्या बाजूलेच बसली होती.

एकोणीसशे सहाचं साल. आमचं घर ख्रिस्ती होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दरेकशाकडच्या आमच्या गावानं आम्हांले तोडलं नव्हतं. धानाच्या रोवणीले बाया एकमेकींच्या शेतात, बांधीत जात, आज तुझी, उद्या माझी. आमच्याही येत. मग मिशनात जागृतीच्या सभा सुरू झाल्या. लोक उभे राहून आपलं पाप मोठ्यानं सांगत, छाती बडवून रडत. माझे सासरे मनिराम उठले अन् सांगून बसले, की शेजारच्या हिरालालच्या शेताच्या हद्दीचा धुरा मी चोरून सरकवला. झालं! धुरा त्यांनी जागेवर नेला, मन हलकं झालं, अन् ते सभांमागं हिंडायले लागले. गावातल्या बायांनी मात्र ठरवलं, चोराच्या बांधीत रोवणीले जायचं नाही.

रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं, पऱ्हे, पिवळे पडायले लागले. आम्ही दोघी किती रोवणार? शेवटी मिशनातल्या बाया बोलवायले मंडपात गेलो, तर साऱ्या उपासात अन् प्रार्थनेत. पाद्री म्हणाले, "बाई, मनात असंल ते देवापुढं सांग."

सासूबाई उभ्या राहिल्या. "पऱ्हे मरून राहिले जी, कोणी तरी चला..." एवढंच बोलल्या अन् हुंदका फुटला. थकल्या होत्या हो बिचाऱ्या! मंडपात एकच गजर, आत्मा आला, आत्मा आला! बाया त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. बांधीत एकही आली नाही. रोवणीचे दिवस निघून गेले, अन् पऱ्हे उपटून आम्ही बैलांपुढं टाकले.

कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेले लोक धानाच्या पेंढ्या घेऊन आले, आम्ही रिकाम्या हातानं. आत्मा कसा उतरला याची साक्ष द्यायले पाद्रींनी सासूबाईंले पुढं बोलावलं.

"पाद्रीजी, मी देवासाठी नाही रडली. धानासाठी रडली. घरात कण नाही."

"पाहा, किती नम्र आहे ही!" म्हणून त्यांनी डोळे मिटले. आधी सासरे रडायले लागले, मग सारे.

सासूबाईंनी मले खूण केली. आम्ही निघालो, लोकांच्या कापलेल्या बांध्यांत पडलेल्या लोंब्या वेचायले. वाटेत मी विचारलं, "तुम्हांले राग नाही आला जी?"

"कायले रागावू?" त्या म्हणाल्या. "चाल, ऊन आहे तोवर वेचून घेऊ."