सगळ्यांच्या पानावर

सुदर्शनच्या दुकानात लग्नपत्रिका छापायचे, पण त्याच्या कॉम्प्युटरवर एक दुसरीच खिडकी कायम उघडी असायची. पाच-पाच रेघांच्या ओळी, त्यांवर सुरांच्या काळ्या टिकल्या आणि त्यांच्या खाली बारीक सा-रे-ग. गिऱ्हाईक आमच्या काकूचं नाव दुसऱ्या ओळीत कामून टाकलं म्हणून भांडायचं. हा मान डोलवत तिकडं नजर टाकायचा आणि सुरांच्या वर हळूच टाईप करायचा, ‘धर’. दोन ओळी सोडून, ‘लई झालं, उतर’.

जगभर त्या जागी इटालियन शब्द लिहितात म्हणे. पुंजाराम मास्तरांच्या बँडात मास्तरांची आरोळी असायची. मास्तर क्लॅरनेट वाजवता वाजवता नळी तोंडातून अर्धी काढून ओरडायचे. त्यांचं ‘सोड’ म्हणजे ‘सो’ अर्धी गल्ली फिरून यायचा, तेव्हा कुठं मागून ‘ड’ पडायचा. ‘पोरगी रडायलीय, हळू’ हे मात्र नाकातल्या नाकात म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तरच रडायलेत. सुदर्शननं या सगळ्या आरोळ्या टिपून बँडच्या कागदांवर चढवल्या होत्या. रेघा न वाचता येणारा, पोटाशी मोठं पितळी वाद्य धरणारा युफोनियमवाला खालचे सा-रे-ग वाचायचा, वरचं ‘रेट’ वाचायचा, आणि रेटायचा.

सुदर्शन मूळचा देवगाव रंगारीचा. याच बँडात ट्रम्पेट वाजवायचा, आणि असा वाजवायचा की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान वळवून बघायचा. मग गंगापूरच्या वरातीहून येताना मोटारसायकल घसरली. वरचा ओठ फाटला, पुढचे दात गेले. टाके सुकले, दात नवे बसवले, पण ओठ सुन्नच राहिला. ट्रम्पेट लावला की पंक्चरच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवल्यासारखा आवाज यायचा. पोरं हसायची, आणि तोही हसायचा, कारण न हसून सांगणार कुणाला? आई राजाबाई त्याला न्यायला आली. लई फुकलंस, आता कापूस येचायला चल, म्हणाली.

मास्तर तिला म्हणाले, “ओठ गेलाय, कान नाय गेला. त्याचा कान माझ्याकडं राहू द्या.”

त्यांनीच त्याला ओळखीच्या पत्रिकेवाल्याकडं चिकटवलं. छावणीतल्या एका रिटायर फौजी बँडवाल्याकडून स्वतः तरुणपणी शिकलेलं रेघांचं वाचन त्याला शिकवलं. नोटेशनचं सॉफ्टवेअर तो मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकला. पुढं दुकानही त्याच्याकडंच आलं. त्यामुळं सुदर्शन जे काही होता, ते मास्तरांमुळं होता. हे तो बोलून दाखवायचा नाही. मास्तर आले की खुर्ची पुसायचा, एवढंच.

त्या सॉफ्टवेअरात शब्द दोन तऱ्हेनं लावता येतो. एकाच ओळीला लावला, तर त्या वाद्याच्याच पानावर छापला जातो. सगळ्यांसाठी म्हणून टाकला, तर पडद्यावर सर्वांत वरच्या ओळीच्या डोक्यावर एकदाच दिसतो, पण छापताना प्रत्येकाच्या पानावर उतरतो. आता मास्तरांचं कुठलं बोलणं एकट्यासाठी असायचं? एकाला शिवी दिली तरी ती बारा जणांना लागायची. सुदर्शननं इतक्या वर्षांत मास्तरांचा शब्द सगळ्यांसाठीच टाकला होता. बोटांना दुसरी वाट ठाऊकच नव्हती.

यंदा मास्तरांच्या नातीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. मुलगा वैजापूरचा. लग्नाच्या आधल्या आठवड्यात मास्तर दुकानात आले, खुर्चीत बसले, आणि पत्रिकांचा गठ्ठा चाळू लागले. सुदर्शनला वाटलं, पत्रिकेत नाव राहिलं कुणाचं.

“डॉक्टर म्हणतो फुकणं बंद,” मास्तर म्हणाले. “फुप्फुसं आकसली म्हणं. वरातीला मी नुसता पुढं चालतो, वाजवतो अभय. तुझ्या ध्यानात आलं असंल.”

सुदर्शनच्या ध्यानात आलं होतं.

“पाठवणीची चाल तेवढी वाजवायची हाय मला. दुसऱ्यांच्या पोरींना वाजवून घालवलं आजवर. ही आपली हाय.” ते थांबले, श्वास घेतला. “मधी लांब सूर हाय ना, तो एका दमात व्हत नाय. तिथं मी थांबतो. अभयनं खालून सूर धरायचा, असा की कुणाला कळू नये. माझ्या अन् त्याच्या पानावर लिही. बाकी कुणाला नाय. माझी दया कराया लागली ना पोरं, तर मी उभाच राहू शकत नाय तिथं.”

अभय हा त्यांचा चेला. तो मास्तरांच्याच ओळीचं पान वापरायचा, आणि मास्तरांची ओळ पडद्यावर सर्वांत वर असायची. सुदर्शननं मास्तरांसमोरच त्या लांब सुरावर श्वासाची खूण लावली आणि वर टाईप केलं, ‘मास्तर दम घेतील. सूर पडू देऊ नको.’ शब्द सुरावर चढत होते, ते नीट वर सरकवले. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. जिथं पाहिजे तिथंच दिसत होतं. मास्तर समाधानानं उठले. बाकीच्यांच्या पानांत काही बदललेलं नाही म्हणून सुदर्शननं ती उघडूनही पाहिली नाहीत. सगळा गठ्ठा एकदम छापला आणि पत्रिकांच्या मागं लागला.

तालीम पदमपुऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मास्तर फेटा बांधून आले. चाल सुरू झाली आणि सुदर्शन दाराशीच थांबला. मास्तरांचा सूर बारीक झाला होता, पण त्याला तीच जुनी ओल होती. लांब सूर आला. मास्तरांनी नळी ओठांपासून किंचित सोडली.

आणि सगळा बँड उसळला. अभयनं सूर धरला, तसा ट्रम्पेटवाल्यानं धरला, युफोनियम भरून आला, रशीदभाईंनी साइड ड्रम घुमवायला घेतला. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्या एकट्यालाच सांगितलंय. प्रत्येक जण ते गुपित जिवापाड सांभाळत होता. पत्रे थरथरले. मास्तरांनी दम घेऊन परत क्लॅरनेट लावली. गाल फुगले, बोटं चालली, पण त्यांचा सूर त्यांनाही ऐकू येईना. पोरं थांबायलाच तयार नव्हती, मास्तरांचा सूर पडू द्यायचा नव्हता ना.

मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतली. मग एकेक वाद्य विझलं. ते युफोनियमवाल्याच्या पानाशी गेले, वाचलं. ट्रम्पेटचं वाचलं.

रशीदभाई खाली बघत म्हणाले, “मास्टर, मेरे पन्ने पे भी लिक्खा है.”

सुदर्शनला तेव्हा कळलं. शब्द त्याच्याच बोटांनी सगळ्यांसाठी टाकला होता. तो पुढं झाला, मास्तर, माझी चूक झाली, रात्रीत नवीन पानं काढतो, म्हणू लागला. पानं बदलता येत होती, पण वाचलेलं कुणाच्या डोळ्यांतून काढता येत नव्हतं. दोघांनाही ते कळत होतं.

मास्तर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पट्टी सोडवली, पुसली, सगळे तुकडे पेटीत ठेवले. “चांगलं वाजवलंत रे,” म्हणाले. मग सुदर्शनकडं वळून सावकाश म्हणाले, “माझी खूण काढ. अभय तरणा हाय, त्याला मधी दम लागत नाय.”

लग्नाच्या दिवशी अभयनं चाल वाजवली. लांब सूर एका दमात गेला, स्वच्छ. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी बायका रडत होत्या, आणि मास्तर सजवलेल्या गाडीजवळ उभे होते. संस्कृतीनं त्यांचा हात धरून विचारलं, “आजोबा, तुम्ही वाजवणार होता ना?”

“आज मी मुलीकडचा हाय. मुलीकडचे वाजवत नसतात,” मास्तर म्हणाले.

एरवी ही चाल चालू असताना कुणी कुजबुजलं तरी मास्तर वादन थांबवून त्या माणसाकडं टक लावायचे, मग तो नवरदेवाचा बाप का असेना. सुदर्शन बँडच्या मागं उभा होता. त्याला सगळ्या वाद्यांवरून मास्तरांचा आवाज ऐकू आला. ते गाडीच्या खिडकीत वाकून ड्रायव्हरशी बोलत होते, मोठ्यानं, न थांबता: समृद्धी हायवेनं जाणार का लासूरवरून? लासूरवरून खड्डे लई आहेत. टायरांत हवा बघितली का? पोरीला गाडी लागते, सावकाश घ्या. चाल संपत आली तसे ते आणखी मोठ्यानं विचारू लागले. ड्रायव्हर बिचारा, व्हय बाबा, व्हय बाबा, म्हणत राहिला.